घोंगडीची अर्धी जागा

एकदा एका नदीकाठच्या गावात एक म्हातारा निवाडे करीत असे. गोड बोलून समजूत घालणाऱ्यांतला तो नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. त्याला गोड बोलता येतच नसे. उतारावर धर्मशाळेची जुनी ओसरी होती. तिथं तो सकाळी येई, स्वतः उघड्या फरशीवर बसे आणि समोर एक काळी घोंगडी अंथरी. रीत एकच. ज्याची तक्रार त्यानं घोंगडीच्या एका अंगाला बसायचं, ज्याच्यावर तक्रार त्यानं दुसऱ्या अंगाला. पागोटं, वहाणा, काठी, मानपान, सगळं पायरीखाली ठेवून वर यायचं. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. दोघांचं संपलं की मग म्हातारा बोलणार. मध्येच कुणी तिसऱ्यानं तोंड घातलं, तर म्हातारा त्याला नदीवर तोंड धुवायला पाठवी. आणि तो खरंच धुऊन येईपर्यंत काम थांबे.

त्याचा एक शिष्य होता, सोनबा. चार अक्षरं शिकलेला, बायकोपोरांचा, स्वभावानं गरीब. निवाड्याची विद्या शिकायला म्हणून म्हाताऱ्यापाशी राहिलेला. याला समेट घडवून आणायची भारी हौस. दोन माणसांचं भांडण थांबलं म्हणजे न्याय झाला, अशी त्याची समजूत. पुष्कळ शहाण्यांची असते.

त्या साली आश्विनात, नदी उतरणीला लागली असताना, बाजारच्या दिवशी तरीची, म्हणजे माणसं पैलतीरी नेणारी, नाव मधल्या धारेत फुटली. तळाची फळीच निसटली. पोहता येणारे पोहले, ज्यांना येत नव्हतं त्यांना इतरांनी धरलं. ठकूबाई कुंभारणीची पोर मैना तेवढी गेली. मडक्यांची पाटी पाठीला बांधलेली होती. गाठ सुटली नाही.

ठकूबाई विधवा. गुडघे धरलेले. मडकी पैलतीरी बाजारात नेऊन विकणं हे मैनेचं काम, आणि त्यावर दोघींचं पोट. मैनेचं लग्न ठरत आलं होतं.

तरीचा मक्ता नथूशेटकडे होता. शेट माणूस दिलदार, असं सारा गाव म्हणे. मैनेचं तेरावं शेटनं स्वतः घातलं. गाव जेवलं. ठकूबाईच्या घरी लुगडं आलं, ज्वारीचं पोतं आलं. नदीला पायऱ्यांचा घाट बांधायचा आणि त्यावर 'मैना कुंभार हिच्या स्मरणार्थ, दाता नथूशेट' असा दगड बसवायचा, असंही शेटनं जाहीर केलं. दुसरी नाव होती, तिला काळंभोर डांबर फासून, हार घालून, नारळ फोडून पाण्यात सोडली. लोक म्हणाले, असा शेट मिळायला भाग्य लागतं.

आणि ठकूबाई ओसरीवर येऊन घोंगडीच्या एका अंगाला बसली.

"काय पाहिजे तुला?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"फळी कुजकी होती हे शेटला ठावं होतं का, एवढंच विचारायचंय. त्यानं इथं बसून सांगावं."

"बस," म्हातारा म्हणाला. आणि शेटला निरोप धाडला.

शेट आला नाही. त्याचा दिवाणजी आला, पायरीखाली उभा राहूनच बोलला, "शेटजी म्हणतात, बाईला अजून काय हवं असेल ते सांगा. लाजू नका. पण घोंगडीवर बसायचं म्हणजे... शेटजींचं वय, शेटजींचा मान..."

"घोंगडीला वय ठाऊक नाही," म्हातारा म्हणाला. "जा."

संध्याकाळी सोनबा ठकूबाईच्या घरी गेला. कुणी पाठवला नव्हता, आपणहून गेला. दारात बसून समजावू लागला. "ठकूकाकी, जाणारी गेली. शेट पाय धरायच्या घाईत आहे. घ्यायचं ते घे, मोकळी हो. चारचौघांत नाव निघण्यात काय शोभा?"

ठकूबाई माती निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सोनबा, तुझी बायको शेटच्या दुसऱ्या नावेनं जाते ना बाजाराला?"

"जाते की. परवाच जाऊन आली."

"बरं," म्हणाली, आणि पुन्हा खडे वेचू लागली.

परवा त्याची बायको चंद्रा बाजारातून परतली तेव्हा लुगड्याचा काठ घोट्यापर्यंत भिजला होता. नावेत पाणी येतं हो, असं ती म्हणालीही होती. सोनबा हसून म्हणाला होता, नाव म्हटली की पाणी येणारच, ती काय बैलगाडी आहे? हे त्याला त्या वेळी आठवलं नाही. माणसाला नको ते आठवतं, हवं ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी बाळकू आणि त्याचा थोरला भाऊ ओसरीवर आले. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं जुनं वैर होतं, आता ते शिव्यांच्या पलीकडे गेलं होतं. घोंगडीवर ठकूबाई एका अंगाला बसलेली होती, दुसरं अंग मोकळं.

"काकी, जरा सरका," बाळकू म्हणाला, "आमचं दोन शब्दांचं काम आहे."

"ती सरकणार नाही," म्हातारा म्हणाला. "ती जागा नथूशेटची आहे. तो बसेपर्यंत इथं दुसरा निवाडा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही."

"अहो बाबा, पाळी आमची आज आहे! पिकं काय शेट येईस्तोवर थांबतात?"

"भांडण घरी घेऊन जा. जपून ने."

सोनबाला हे पटलं नाही. दोघे गेल्यावर तो म्हणाला, "बाबा, यांनी काय पाप केलं?"

"काही नाही."

"मग?"

म्हाताऱ्यानं तोंड वळवलं. त्याला कंटाळा आला की तो नदीकडे बघे.

हळूहळू गावाचं सगळं अडलं. कुणाचा बांध कोरला गेला, कुणाच्या वाटेत कुंपण आलं, कुणी गाय विकताना तिचा खोकला लपवला. सगळे ओसरीपर्यंत यायचे, घोंगडीचं रिकामं अंग बघायचे आणि परत जायचे. आधी ते ठकूबाईवर चिडले. "एका पोरीपायी गाव धरून बसलीस," असं तिला तोंडावर म्हणाले. तिची मडकी कुणी घेईना. पाणवठ्यावर बायका बाजूला सरकत. एका म्हातारीनं तर विचारलं, "किती उकळायचंय गं तुला शेटकडून?" ठकूबाई तरीही सकाळी यायची, आपल्या अंगाला बसायची, उन्हं कलली की गुडघे धरून उठायची.

पंधरवडा उलटला आणि बातमी आली. पाटावर दोघा भावांची झटापट झाली. थोरल्यानं खोरं फिरवलं. बाळकूचा डावा डोळा गेला.

सोनबा धावत ओसरीवर आला. आजवर गुरूपुढं त्याचा आवाज चढला नव्हता, त्या दिवशी चढला.

"बाबा, ऐकलंत? डोळा गेला त्याचा! तुम्ही त्यांचं ऐकलं असतंत तर दोन शब्दांचं काम होतं. एका बाईच्या हट्टापायी, आणि तुमच्या हट्टापायी. शेट तर सोनं द्यायला तयार आहे, आणि तुम्हाला तो जमिनीवर बसलेला बघायचाय. हा न्याय नव्हे, हा सूड झाला!"

म्हाताऱ्याचा चेहरा पांढरा पडला. मग म्हणाला, "बाळकूला सांग, बरा झाला की इकडे ये म्हणावं." एवढंच. घोंगडी त्यानं उचलली नाही.

मग देव म्हणा, दैव म्हणा, शेटच्याच घरात आग लागली. खरी नव्हे, भावकीची. शेट परगावी गेलेला पाहून पुतण्यानं वखारीला आपलं कुलूप घातलं आणि म्हणाला, ही माझ्या बापाची. शेट परतला. दिवाणजी पाठवला, पुतण्यानं हाकलला. चार माणसं पाठवली, पुतण्यानं आठ उभी केली. हंगामाचा सगळा माल आत. शेवटी शेट स्वतः, पागोटं नीट करून, ओसरीपाशी आला.

"बाबा, माझा निवाडा करा. भरदिवसा दरोडा पडलाय माझ्यावर."

"करतो," म्हातारा म्हणाला. "घोंगडीवर अर्धी जागा तुझीच राखून ठेवलीये. आधी तिथं बस."

"तो विषय वेगळा."

"घोंगडी एकच आहे."

शेट लाल झाला. "माझ्यावर अन्याय झालाय, बाबा! आणि तुम्ही दार लावून बसता?"

पायरीखाली लोक जमले होते. त्यांतलं कुणीतरी मागून म्हणालं, "आम्हीपण इतके दिवस हेच म्हणतोय, शेट." कुणी हसलं नाही. शेटनं वळून पाहिलं. त्यानं घातलेल्या तेराव्याला जेवलेले सगळे तिथं उभे होते, आणि एकाचीही मान त्याच्यासाठी हलली नाही. डोळ्यावर फडकं बांधलेला बाळकूही होता.

शेटनं पागोटं काढलं. वहाणा काढल्या. ओसरी चढून तो घोंगडीवर बसला. घोंगडी काही मोठी नव्हती. त्याचा गुडघा ठकूबाईच्या गुडघ्याला लागला.

ठकूबाईनं विचारलं, "शेट, फळी कुजलीय हे तुम्हाला ठावं होतं का?"

"नाव नावाड्याच्या ताब्यात असते, बाई."

"नावाड्याला मी नावाड्याचं विचारीन. तुम्हाला ठावं होतं का?"

"मी तेरावं घातलं. घाट बांधतोय. तुला कशाची..."

"जेवलं ते गाव जेवलं. माझी पोर नाही जेवली. ठावं होतं का?"

शेटनं म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हातारा नदीकडे बघत होता. लोकांकडे पाहिलं. लोक शेटकडे बघत होते. माणूस उभा असला म्हणजे त्याला चार वाटा दिसतात. बसला की समोरचा तेवढा दिसतो.

"नावाड्यानं सांगितलं होतं. ज्येष्ठात. फळी बदला म्हणाला. मी म्हटलं, एवढा हंगाम निभावून ने. भेगांत काथ्या भर, वरून डांबर मार."

"म्हणजे ठावं होतं."

"होतं."

ठकूबाई रडली नाही. तिनं एकदा मान डोलावली, जसं मडकं टिचकी मारून बघतात आणि ते फुटकं निघतं तेव्हा डोलावतात तशी. मग तिनं आणखी एक प्रश्न विचारला, जो सोनबाला, दिवाणजीला, तेराव्याला जेवलेल्या एकाही माणसाला सुचला नव्हता.

"शेट, दुसरी नाव आहे. तिच्या डांबराखाली काय आहे?"

शेटची नजर नदीकडे गेली.

"काय आहे?"

"दोन्ही एकाच लाकडाच्या आहेत," शेट म्हणाला. "एकाच सालच्या."

त्या दिवशी बाजार होता.

चंद्राच्या लुगड्याचा भिजलेला काठ सोनबाच्या डोळ्यांपुढं आला, आणि स्वतःचं हसणं कानांत आलं. तो उठला आणि उतारावरून नदीकडे धावला. नाव मधल्या धारेत होती. ऐलतीरी यायला निघाली होती, खोल बसून, जडावल्या म्हशीसारखी. तिच्यात बायका हाती येईल त्यानं, तांब्यानं, परातीनं, पाणी उपसत होत्या. इतक्या लांबून तोंडं दिसत नव्हती, नुसते हात दिसत होते. काठावर सारा गाव उभा राहिला. कुणी हाक मारली नाही, कारण हाक मारून काय सांगणार? शेट घोंगडीवरून उठला नव्हता. एकटा तिथंच बसला होता.

नाव काठाला लागली. चंद्रा उतरली, कमरेपर्यंत भिजलेली. नवऱ्याला पाण्यात उभा पाहून म्हणाली, "काय झालं? पोरं बरी आहेत ना?" सोनबानं तिचा हात धरला.

नाव ओढून काठावर घेतली, उपडी केली आणि विळ्यानं डांबर खरवडलं. आतलं लाकूड बोटानं निघत होतं.

सगळे ओसरीवर परतल्यावर म्हातारा बोलला. "ही नाव इथंच फोडायची, जळणाला. नवी नाव येईल ती डांबराआधी उपडी घालायची, ज्याला बघायचंय त्यानं येऊन ठोकून बघायची, आणि पहिल्या खेपेला नथूशेट स्वतः बसेल. दर साली. मैना ठकूबाईचे हातपाय होती. तेव्हा ही जगेल तोवर हिचं धान्य नथूशेटनं घालायचं. दिवाणजीच्या हातून नाही. स्वतः घेऊन जायचं, दारात ठेवायचं, आणि म्हणायचं, 'हे तुझं आहे'. 'घे बाई' म्हणायचं नाही. ठकूबाई, आणखी काही?"

"घाटावर बसवायच्या दगडावरचं यांचं नाव काढा," ठकूबाई म्हणाली. "पोरीचं राहू द्या. यांचं काढा."

"काढा," म्हातारा म्हणाला. "नथूशेट, तुझ्या वखारीचं उद्या. पुतण्याला निरोप जाईल. तोही इथंच बसेल."

लोक पांगू लागले. सोनबा गुरूच्या पायाशी बसला. "बाबा, मी तिला घ्यायचं ते घे म्हणून सांगायला गेलो होतो. घेतलं असतं तिनं, तर आज... तुमचं बरोबर होतं."

"अर्धं," म्हातारा म्हणाला. "ऐक. नुकसान करणाऱ्यानं दान केलं म्हणजे नुकसान तसंच राहतं, त्यावर डांबर बसतं. दान देणारा उभा असतो, घेणारा वाकलेला. कोण चुकलं, कसं चुकलं, पुढं कुणाच्या जिवावर येणार आहे, हे दानात कुणी विचारीत नाही. विचारलं तर विचारणारा कृतघ्न ठरतो. जाब द्यायला मात्र खाली बसावं लागतं, ज्याचं गेलं त्याच्या शेजारी. आणि एक जण बसायचा नाही म्हणाला आणि आपण ते चालू दिलं, तर ही घोंगडी फक्त गरिबांना बसवायची होते. मग ती न्यायाची राहत नाही. म्हणून मी सगळ्यांचंच थांबवलं. एकाचं अडलं की दहा जण त्याला शहाणपण शिकवतात. सगळ्यांचं अडल्यावर अडवणारा कोण ते दिसतं. एवढं बरोबर होतं."

"आणि उरलेलं अर्धं?"

म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला. पायातल्या वहाणा त्यानं ओसरीखाली नेऊन ठेवल्या. आपली काठीही ठेवली. मग परत येऊन घोंगडीच्या त्या अंगाला बसला, जिथं नुकताच शेट बसला होता.

"बाळकू," त्यानं हाक मारली, "इकडे ये. त्या बाजूला बस. आणि सोनबा, तू माझ्या जागी."

"बाबा, हे काय?"

"मध्ये तोंड घालू नकोस. नदीवर पाठवीन."

बाळकू आला, चाचरत बसला. एका डोळ्यानं म्हाताऱ्याकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "बाबा, आमचं भांडण तापलंय हे तुम्हाला ठावं होतं का?"

"होतं," म्हातारा म्हणाला. "त्या दिवशी तुझ्या भावाच्या हाताची मूठ मी बघितली होती. तरी परत धाडलं."

"का?"

"त्याचं कारण माझ्यापाशी आहे. पण त्यानं तुझा डोळा येत नाही. तेव्हा ते कारण मी सांगत नाही."

उघडी फरशी गार होती, हे सोनबाला पहिल्यांदा कळलं. समोरच्या एका माणसाकडून तो सगळं शिकला होता; दुसऱ्याचा डोळा गेला होता. सबबी त्याच्या तोंडाशी आल्या. म्हाताऱ्याचं वय. म्हाताऱ्याचा मान. आणि हेच शब्द आपण दिवाणजीच्या तोंडून ऐकले होते, हे ध्यानात येऊन तो थांबला.

"बाळकू," तो म्हणाला, "खोरं भावानं मारलं. त्याचा जाब तो इथं बसून देईल. यांचा जाब वेगळा." मग गुरूकडे वळला. "बाबा, तुम्ही वाट अडवली. बाळकूची पाळी असेल तेव्हा पाटावर राखण तुम्ही करायची. त्याला डाव्या बाजूचं आता दिसत नाही. त्या बाजूला तुम्ही बसायचं. थंडी असो, काही असो."

"किती दिवस?"

"हातपाय चालतील तोवर."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. खाली उतरून वहाणा घातल्या, काठी घेतली. "आज कुणाची पाळी रे?"

"माझीच," बाळकू म्हणाला.

"मग चल. पुढं हो."

दोघे पाटाच्या वाटेला लागले, म्हातारा बाळकूच्या डाव्या अंगानं. काठावर लोक कुजकी नाव फोडत होते. सोनबानं घोंगडी उचलली, झटकली आणि पुन्हा अंथरली. आपल्या वहाणा अजून आपल्याच पायांत आहेत, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं. त्या त्यानं काढल्या आणि पायरीखाली ठेवून आला.

ज्याला कुणी जाब विचारू शकत नाही, त्याच्या नावेत बसू नये, ती कितीही काळीभोर दिसत असली तरी.